नव्या ओट्यावरच्या अडचणी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपण एरवी बाहेरगावच्या एखाद्या विदुषीला बोलावतो. ह्या वर्षी कार्यकारिणीने ठरविले की, घरच्याच कुणीतरी बोलावे आणि विषयही घरचाच असावा. चिटणीसबाईंनी माझे नाव काढले तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मला भाषणाची सवय नाही, घरी पाहुणे आहेत, घसा बसला आहे, सारे सांगून पाहिले. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तो घोळ तूच घातलास ना? मग त्याचा हिशेबही तूच दे." ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. म्हणून ही विदुषी आज आपल्यापुढे उभी आहे.

घोळ कोणता, ते बहुतेकींना ठाऊक आहेच. पण पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या मंडळाचे निरोप पूर्वी शिपाईबाई घरोघर नेत. पुढे फोन आले, मग व्हॉट्सॲपवर मंडळाचा गट झाला. त्या गटाची स्थिती अशी झाली की, पहाटे पाचपासून सुप्रभातीची फुले, मग काढे, मग देवादिकांची चित्रे, मग 'हा निरोप अकरा जणींना पाठवा'. ह्या गर्दीत भिशीची तारीख शोधणे म्हणजे कापसाच्या गंजीत सुई शोधण्यासारखे. माझ्या भाच्याने एक नवी सामाजिक सेवा दाखविली. सूचनांची खोली वेगळी, फोटोंची वेगळी, हिशेबाची वेगळी. मला ती फार आवडली. मी कार्यकारिणीत जोर लावला आणि दोन वर्षांपूर्वी श्रावणात आपले मंडळ तिथे राहावयास गेले. आपल्या दारव्ह्यात पहिल्यांदा हा मान आपण मिळविला, असेही मी त्या बैठकीत म्हटल्याचे इतिवृत्तात नोंदलेले आहे. ते वाचले म्हणजे आता मला लाज वाटते.

त्या सेवेचे नाव मी घेणार नाही. माझी तक्रार एका दुकानाविरुद्ध नाही. ती वस्तू ज्या समजुतीने बनवली होती, त्या समजुतीविषयी मला बोलायचे आहे. ओटा नवा बांधला, फरशी गुळगुळीत केली, पण पायऱ्या ठेवायच्या विसरल्या, अशातली ती गोष्ट होती.

पहिली अडचण दारातच. आत जाण्यासाठी सहा अंकी ओटीपी येतो, तो भरावा लागतो. तो भरण्यासाठी मोजून तीस सेकंद. आता आमच्या वयाच्या बाईचे पाहा. निरोप वाजला की आधी चष्मा शोधायचा. मग निरोप उघडायचा. निरोप उघडला की ते पान नाहीसे होते. पुन्हा तिथे परत यायचे, तर ते पहिल्यापासून सुरू झालेले! कित्येक जणींचा नंबर तर मुलाच्या नावावर, मुलगा पुण्याला. ओटीपी पुण्याला जायचा, मुलगा कामावर असायचा, संध्याकाळी तो फोन करून अंक सांगायचा. तोवर ते तीस सेकंद संपून दहा तास झालेले असायचे.

दुसरी अडचण नावाची. नाव इंग्रजी अक्षरांतच लिहा, आणि जगात दुसऱ्या कुणाचे नसेल असे लिहा. आपल्याकडे एकाच आळीत तीन सुमन आणि चार कुसुम. मग कुणी नावापुढे जन्माचे साल लावले, कुणी घराचा नंबर लावला, एकीच्या नातवाने काय लावले ते अजून कळले नाही. शेवटी कोण कोण आहे हे कुणालाच ओळखू येईना. मंडळाच्या खजिनदारबाईंची विनंती एकीने परकी बाई समजून तीनदा परत पाठविली.

तिसरी अडचण चिन्हांची. कुठेही शब्द नाही, नुसती चित्रे. एक घंटा, एक हृदय, एक कागदी विमान, तीन ठिपके आणि तीन आडव्या रेघा. आमच्या एका मैत्रिणीला वाटले, विमान म्हणजे तिकीट काढण्याची सोय. पैसे कापले जातील ह्या भीतीने तिने त्याला कधी हातच लावला नाही. वास्तविक ते निरोप पाठविण्याचे बटण! म्हणजे बिचारी चार महिने सारे वाचत होती आणि उत्तर एकदाही देऊ शकली नाही. आपण घरात हळदीच्या आणि तिखटाच्या डब्यावर चिठ्ठी लावतो, ती आपल्याला कळत नाही म्हणून नव्हे. घरात नवीन आलेल्या सुनेलाही कळावे म्हणून. एवढा विचार त्या कारागिरांना का सुचू नये?

चौथी अडचण मराठीची. मराठीची सोय आहे असे सांगितले होते, आणि ती होतीही. पण ती मराठी अशी की, वाचून इंग्रजी बरी वाटावी. मजकूर टाका म्हणायचे तिथे 'टपाल करा'. इतरांना पाठवा म्हणायचे तिथे नुसते 'वाटा'. आमच्या शेजारीण काकींनी विचारले, "वाटू ते वाटू, पण पाट्यावर का मिक्सरवर?" शिवाय टंकलेखनाचा घोळ वेगळाच. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हा ऱ्य कोठे मिळतो ते सापडेना. मी एकदा लिहिले, 'आचाऱ्यांना पैसे द्यायचे राहिले आहेत'. छापून आले 'आचार्यांना'. दोन दिवस सारे गाव विचारीत होते की मंडळाने कोणत्या आचार्यांना बोलावले होते! ही अक्षरे संगणकाला ठाऊकच नाहीत असे मात्र नाही. जगभरच्या लिप्यांसाठी जी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तिच्यात आपल्या 'ॲ'लादेखील २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. अक्षर आहे, ते बाईच्या बोटाखाली आणून ठेवण्याची कुणाला निकड वाटली नाही, एवढेच.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आले. पुढच्या दोन गोष्टी हसण्याच्या नाहीत.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाचे फोटो आपल्यातल्या एका नव्या सुनेने मोठ्या हौसेने टाकले. तिला वाटले, मंडळाच्या खोलीत टाकते आहे म्हणजे मंडळच पाहील. पण त्या सेवेत मुळातच सारे 'सर्वांसाठी खुले' असे ठरवून ठेवलेले. ते बंद करण्याची जागा पाच पाने आत. दुसऱ्या दिवशी कोण कुठल्या पुरुषांनी त्या फोटोखाली नको ते लिहिले. घरी सासऱ्यांच्या कानावर गेले. बोलणी तिला बसली, जणू तिनेच दार उघडे टाकले होते. दार उघडे ठेवूनच घर तिला दिले होते, हे घरात कुणाला समजावून सांगायचे? दोन महिने ती मंडळात आली नाही.

हे आपल्याच नशिबी आले असे समजू नका. मोठमोठ्यांनी हीच चूक केलेली आहे. २०१० च्या फेब्रुवारीत गूगलने 'बझ' नावाची सेवा काढली. जीमेलवर तुम्ही ज्यांच्याशी अधिक पत्रव्यवहार करता, त्यांची यादी तिने न विचारता जोडून घेतली, आणि ती इतरांनाही दिसू लागली. आपण कुणाला वारंवार पत्र लिहितो ही काय चव्हाट्यावर मांडायची गोष्ट आहे? फार ओरड झाली. अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने २०११ साली गूगलशी समझोता करून २० वर्षे बाहेरच्यांकडून तपासणी करून घेण्याचे बंधन घातले, आणि त्याच वर्षी बझ बंद करण्याचे जाहीर झाले. सांगायचे काय, तर बायकांना समजत नाही म्हणून हे घडते, असे जे घरोघर म्हटले जाते ते खोटे आहे. मांडणीच अशी असते की शहाण्याचाही पाय घसरावा.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला मला जड जाते, पण त्यासाठीच मी इथे उभी राहिले आहे.

आपल्याकडे कोजागिरीला भुलाबाईचा समारोप होतो. ज्वारीच्या धांड्यांची खोपडी उभारायची, भुलाबाई-भुलोजींना तिच्यात बसवायचे, गाणी म्हणायची, मग खाऊ ओळखायचा. त्या वर्षी त्याची सूचना मी फक्त नव्या सेवेवर टाकली. आठ दिवस आधी टाकली, व्यवस्थित टाकली. तरी निम्म्याही जणी आल्या नाहीत. नंतर कळले ते असे. ती सेवा निरोप आले त्या क्रमाने दाखवीत नसे. तुम्हाला काय आवडेल ह्याचा तिचा तीच अंदाज करी आणि त्या क्रमाने मांडी. ज्या मजकुराला हृदये फार, तो वर. रांगोळीला पन्नास हृदये, अनारशाला साठ. सूचनेला हृदय कोण देणार? ती बिचारी तळाशी गेली. कित्येकींना कोजागिरीची सूचना कोजागिरीनंतर तीन दिवसांनी दिसली.

पण आपल्या काकूंना तर ती दिसलीच नाही. काकू म्हणजे कोण ते सांगायला नको. भुलाबाईची गाणी ज्यांच्या तोंडून आपण सगळ्या शिकलो, त्या. त्या आल्या नाहीत, तेव्हा आम्ही म्हटले गुडघे दुखत असतील. गाणी अर्ध्यावर अडली, तशीच उरकली. घरी जाऊन विचारावे, हे आमच्यापैकी कुणालाही सुचले नाही. कारण सूचना तर पाठविली होती! पाठविली म्हणजे पोचली, अशी त्या यंत्राने आमची समजूत करून दिली होती.

दिवाळीनंतर मी फराळाचा डबा घेऊन गेले. मला त्या जन्मभर 'ये वं' म्हणत आल्या. त्या दिवशी म्हणाल्या, "या, बसा." त्या 'या, बसा'ने माझ्या पोटात गोळा आला. पाणी दिले, चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. मी विचारले, "काकू, कोजागिरीला आल्या नाहीत?" त्या म्हणाल्या, "बोलावलं कुठी? मले वाटलं, नव्या मंडळात आता म्हाताऱ्याइचं काय काम."

मी म्हटले, काकू, फोन दाखवा. त्यांनी फोन आणला आणि त्याच्याबरोबर भजनांची वही आणली. वहीच्या शेवटच्या पानांवर, त्यांच्या त्या सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक सहा-सहा अंकांच्या ओळी. प्रत्येकीपुढे तारीख. श्रावणापासून तो आश्विनापर्यंत. ओटीपी यायचा, त्या चष्मा लावून तो वहीत नीट उतरवून घ्यायच्या, मग वहीत पाहून फोनवर भरायच्या. तोवर मुदत संपायची. त्यांना वाटे, आपलाच अंक चुकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी फोनवर इंग्रजीत एक ओळ आली. त्यांनी ती नातवाला विचारली नाही. त्यांना वाटले, मंडळाने नाव कमी केल्याची ती सूचना असेल. ओळीचा अर्थ इतकाच होता की, पुष्कळ वेळा प्रयत्न झाले, थोड्या वेळाने पुन्हा करा.

मी ती वही हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. जी बाई तीन महिने रोज दार ठोठावते, तिला आपण 'काकूंना नव्या गोष्टींची हौस नाही' असे म्हटले होते. मीच म्हटले होते.

मार्गशीर्षातल्या बैठकीत आपण परत फिरण्याचा ठराव केला. त्यानंतर मी हा विषय थोडा वाचला, आणि जे कळले ते असे.

अशा सेवा येतात आणि जातात. ऑर्कुट २००४ साली निघाले. आपल्यापैकी कित्येकींच्या मुलांची कॉलेजातली मैत्री त्याच्यावर झाली. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झाले. गूगल प्लस २०११ साली आले आणि २०१९ च्या एप्रिलात सर्वसामान्यांसाठी मिटले. त्याच्या मालकांनीच सांगितले होते की, तिथे येणाऱ्यांच्या शंभरांतल्या नव्वद भेटी पाच सेकंदांच्या आत आटोपतात. म्हणजे ओट्यावर यायचे, कुणी नाही असे पाहायचे आणि परत जायचे. आपल्या देशात बंगळूरच्या मंडळींनी २०२० साली 'कू' काढले. मराठीसुद्धा अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची त्यात सोय होती. त्या वर्षी सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळाले. तेही २०२४ च्या जुलैत थांबले. दुसऱ्या मोठ्या कंपनीशी जुळणी होऊ शकली नाही आणि यंत्रसामग्रीचा खर्च पेलवेना, असे चालकांनी सांगितले.

आणि एखादी सेवा एकदम लोकप्रिय झाली तरी पंचाईतच. झोहो कंपनीची 'अरट्टाई' ही सेवा २०२१ साली निघाली. अरट्टाई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. चार वर्षे ती शांतपणे चालली. २०२५ च्या सप्टेंबरात, तीन दिवसांत, रोजच्या नव्या नोंदण्या ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचे तिच्या संस्थापकांनी सांगितले. मग ओटीपी उशिरा येऊ लागले, नावांची यादी जुळण्यास वेळ लागू लागला, आणि कंपनीने तसे मोकळेपणाने कबूलही केले. पन्नास पानांचा स्वयंपाक आणि दारात पाच हजार माणसे, दुसरे काय होणार? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आपण कोणत्या दिवशी पंगतीला जावे हे आपल्याला कळले पाहिजे.

आपल्या दारव्ह्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला जात असे. ती आता धावत नाही. काकू तिने माहेरी जात. गाडी बंद झाली, पण माहेरचा रस्ता कुणी विसरले नाही, एस. टी. आली, जीप आली. मंडळाचेही तसेच ठेवले पाहिजे. निरोपाचे वाहन बदलेल; निरोप कुणाला द्यायचा, त्याची वही आपल्याजवळ हवी.

म्हणून कार्यकारिणीने काही साध्या गोष्टी ठरविल्या आहेत. त्या मी आपल्यापुढे ठेवते.

सभासदांची नावे, पत्ते, नंबर कागदावर, दोन प्रतींत. फोटो आणि हिशेब कोणत्याही सेवेच्या भरवशावर न ठेवता दर तीन महिन्यांनी उतरवून घ्यायचे.

नवी सेवा घेण्यापूर्वी आपल्यातल्या सर्वांत वयस्कर तीन जणींनी ती पंधरा दिवस वापरून पाहायची. त्यांना जमली तर सगळ्यांना जमेल. तरुणींना जमली ह्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हा धडा मी शिकले आहे.

पहिल्या दिवशी, काहीही टाकण्याच्या आधी, आपले कोणाला दिसते ती जागा शोधून ती 'फक्त मंडळापुरते' अशी करायची. ती जागा सापडली नाही, तर त्या सेवेवर फोटो टाकायचाच नाही.

ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, फोनवर मागणारा कितीही गोड बोलला तरी. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० ह्या क्रमांकावर फोन करायचा. लाजून घरात लपवून ठेवायचे नाही.

संमती मागणारा मजकूर आपल्या भाषेत मागायचा. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यायच्या आहेत. पण अशी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी, असे त्या कायद्यात म्हटले आहे. मराठी त्यांतली एक आहे. म्हणून 'मला इंग्रजी येत नाही' हे खाली मान घालून सांगण्याचे कारण उरलेले नाही.

आणि शेवटची, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक सभासदेला एक तरुण सभासद जोडून दिली आहे. सूचना फोनवर गेली तरी तिने पायी जाऊन किंवा बोलून सांगायचे, आणि 'कळले' असा उलट निरोप आल्याशिवाय सूचना पोचली असे समजायचे नाही. महालक्ष्म्यांच्या फोटोंची जी सून, तिने आपण होऊन काकूंचे घर मागून घेतले. ती त्यांच्याकडून आता गाणी उतरवून घेते आहे. भजनांच्या त्याच वहीत, त्या आकड्यांच्या पुढच्या पानावर.

मी नव्याच्या विरुद्ध आहे असा कुणी अर्थ काढू नये. परगावी गेलेल्या लेकीचे तोंड रोज दिसते ते ह्या यंत्रामुळेच, आणि वेचणीच्या दिवसांत शेतावर असलेल्या सभासदेला निरोप मिळतो तोही रेंज असली तर ह्याच यंत्रामुळे. उद्या चांगली सेवा निघाली तर आपण जाऊ. फक्त जाताना मागे वळून पाहू, कुणी पायरीशी राहिले आहे का.

काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना मी घरी जाऊन क्षमा मागितली आहे. पण चूक सभेत केली होती, म्हणून सभेत मागते. काकू, क्षमा करा. आणि ह्या कोजागिरीला गाणे तुम्हीच धरायचे आहे, ही सूचना मी आत्ताच, सर्वांसमक्ष, तोंडी देत आहे. आपण मान हलविली, म्हणजे ती पोचली.